बाळाचा ओठ-टाळू दुभंगलेला असेल तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय करायचं

ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं वगैरे कोणी म्हणालं तर सरळ कानाआड करा. ओठ जुळतो तो पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात, तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं.

ऑपरेशन लगेच नसतं. ओठाचं साधारण 3 महिन्यांनी, त्यासाठी जुना 10 चा हिशोब बघतात, 10 आठवडे वय, 10 पौंड म्हणजे साडेचार किलो वजन आणि हिमोग्लोबिन 10, म्हणजे तोवर तुमचं काम एकच, वजन वाढवणं. टाळूला फट असली की बाळाला दूध ओढताच येत नाही, तासभर छातीशी धरलं तरी पोट रिकामं आणि दमतं ते वेगळंच. त्यापेक्षा दूध पिळून काढा नि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, बाळाला जवळजवळ बसतं धरून, गालाच्या कडेने थोडं थोडं सोडत. नाकातून आलं तर थांबा, पुसा, परत सुरू करा. हवा खूप जाते म्हणून मधेमधे ढेकर काढायचाच. पाजताना ठसका लागून निळं पडलं तर मात्र लगेच डॉक्टर.

पैशांचं म्हणाल तर 2013 मध्ये आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे धरलेलं आहे, आशाताईंना विचारा. स्माईल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही फुकट होतं.

सर्दी-ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तर जाऊ दे. भूल द्यायच्या आधी अंगावरचं दूध 4 तास आणि वरचं 6 तास बंद असतं, हे घरातल्या आजीला आधीच बजावून ठेवा, रडतंय म्हणून गुपचूप चमचाभर पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. नंतर कोपराला पट्ट्या बांधल्या असतील तर दया येऊन सोडू नका, बोटं टाक्यांवर जातात.

ओठ छान दिसायला लागला की बरेचजण परत फिरकतच नाहीत, हे मला सगळ्यात खटकतं. टाळूचं ऑपरेशन बोलण्यासाठी असतं ओ! 9 ते 18 महिन्यांत उरका, नाहीतर शब्द नाकातून येतात नि ती सवय मोडायला स्पीच थेरपीत घाम निघतो. टाके भरेपर्यंत पेज, वरणाचं पाणी असलं पातळच, बिस्किट-चिवडा-स्ट्रॉ काही नको. कानही तपासून घ्या, पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं.

हिरडीत फट असेल तर 8-11 वर्षांच्या आसपास, सुळा यायच्या आत, कमरेचं थोडं हाड घेऊन भरतात, म्हणून पहिल्या डिस्चार्ज कार्डापासून सगळे कागद एका फाइलीत ठेवा.