अंगण नाही? मग आधी ऊन मोजा: पाऊस सरताना बाल्कनीवाल्यांसाठी सल्ला

पाऊस ओसरतोय, सकाळी जरा गारवा जाणवायला लागलाय, आणि "आमच्याकडे जागाच नाही हो, नाहीतर आम्हीपण काहीतरी लावलं असतं" हे वाक्य पुन्हा ऐकू यायला लागलंय. तर हा सल्ला त्यांच्यासाठीच, म्हणजे अंगण नाही, परसबाग नाही, गच्चीला कुलूप आहे आणि हाताशी आहे ती फार तर एक बाल्कनी किंवा खिडकीची ग्रिल. पालेभाज्यांनी सुरुवात करायची असेल तर वर्षातला हाच सगळ्यात सोपा काळ आहे, कारण ऊन मवाळ होत जातं, कुंडी दुपारपर्यंत खडखडीत कोरडी पडत नाही आणि पालक, मेथी, कोथिंबीर या मंडळींना गारवाच मानवतो. उन्हाळ्यात हीच कोथिंबीर नीट पानं धरायच्या आत फुलावर जाते आणि मग लोक म्हणतात आमच्या हाताला झाड लागत नाही.

पण नर्सरीत जाऊन कुंड्या उचलून आणायच्या आधी एक काम करा, ऊन मोजा. बहुतेकांना जागा कमी पडत नाही, ऊन कमी पडतं, आणि हे कुंड्या आणून महिना झाल्यावर कळतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला त्याच जागेचा मोबाईलवर एक फोटो काढा, संध्याकाळी सगळे फोटो एकापाठोपाठ बघा आणि थेट ऊन किती तास पडलं ते मोजा, नुसता उजेड धरायचा नाही. सहा तास किंवा जास्त मिळालं तर टोमॅटो, मिरची, वांगी यांचा विचार करा. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या आणि पुदिना, तेवढ्यावर ते समाधानी असतात. त्याहून कमी असेल तर टोमॅटोचा नाद सोडा, वेल लांबच लांब वाढेल, काडी बारीक राहील आणि फळ धरणार नाही. तिथे ट्रेमध्ये मायक्रोग्रीन्स करा, म्हणजे दाट पेरून कोवळी असतानाच कापून खायची रोपं, मोहरी, मेथी, मुळा असं काहीही, एक-दोन आठवड्यांत कापायला येतं आणि खतसुद्धा लागत नाही कारण रोप बियाण्यातल्या साठ्यावरच तेवढं वाढतं.

अजून एक, उन्हाळ्यात मोजलेलं ऊन आता धरू नका. सप्टेंबरच्या 22-23 तारखेनंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जातो आणि डिसेंबरच्या 21-22 पर्यंत खाली खाली सरकत राहतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत ऊन एकदम आतपर्यंत येतं, उन्हाळ्यात जिथे सावली होती तिथेही. उत्तरेकडच्या बाल्कनीत मात्र थंडीभर थेट ऊन जवळजवळ येतच नाही. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये समोरासमोर राहणाऱ्या दोघांना वेगवेगळा सल्ला लागू होतो, शेजाऱ्याकडे जे जोमात येतंय ते तुमच्याकडे येईलच असं नाही.

आता कुंडी. पालेभाजीला 15 ते 20 सेंमी खोली पुरते, मिरची-टोमॅटोला निदान 30 सेंमी हवी. वजनाचा अंदाज मात्र भल्याभल्यांचा चुकतो, 20 लिटरची कुंडी ओली भरली की सहज 25-30 किलो होते. ती ग्रिलवर किंवा कठड्यावर ठेवायचीच नाही, खाली माणसं चालतात. जड कुंड्या भिंतीलगत, हलक्या पुढे. त्यात नुसती माती भरू नका, कुंडीत ती दगडासारखी घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. साधारण एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालतं. कोकोपीट वापरायच्या आधी भिजवून एक-दोनदा पाण्यातून काढा, त्यात क्षार असतात. आणि पाकिटावर पीट मॉस लिहिलं असेल तर ते शक्यतो टाळा, ते दलदलीच्या जमिनी खणून काढतात. जगातल्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भाग या पीटच्या जमिनींचा, पण सगळ्या जंगलांनी मिळून साठवलाय त्याहून जास्त कार्बन त्यांच्यात आहे. पर्यावरणासाठी बाग करायची आणि कुंडीत पीट भरायचं हे काही पटत नाही बुवा.

कुंडीच्या तळाला खडी नाहीतर विटेचे तुकडे घालायचा जुना सल्ला आहे ना, तो विसरा. बारीक मिश्रणातलं पाणी खडीच्या थरात सहज उतरत नाही, थराच्या वर अडून बसतं, म्हणजे ओला चिखल तुम्हीच वर मुळांपाशी आणून ठेवता. भोक मोकळं ठेवा, त्यावर जाळीचा तुकडा टाका, बस. जुने डबे, बादल्या, क्रेट जे घरात पडलंय ते वापरा, फक्त रंगाचे किंवा केमिकलचे डबे खायच्या भाजीला नकोत. नवीन सेट विकत घ्यायची काही गरज नाही.

पेरणीचं बघू. कोथिंबिरीसाठी घेतलेला अख्खा धणा म्हणजे आत दोन बिया असतात, त्यामुळे लाटण्याने किंवा चपलेच्या तळव्याने हलकेच रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, चुरा नाही, मग रात्रभर पाण्यात भिजवून सेंटीमीटरभर खोल पेरायच्या. आणि मग वाट बघायची. मेथी तीन-पाच दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात, चौथ्या दिवशी बोटाने उकरून बघणाऱ्यांनी कृपया हात आवरा. सगळं बी एकदम टाकू नका, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाका म्हणजे थंडीभर कापता येईल. पालकाची बाहेरची पानं काढत जा, मधला कोंब ठेवा. पुदिना बियाण्यातून करायच्या भानगडीत पडू नका, काडी पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात, पण त्याला वेगळी कुंडी द्या, तो पसरला की बाकीच्यांना जगू देत नाही.

पाणी ठरलेल्या वेळेला नाही, बोट घालून. दोन पेरं खाली कोरडं लागलं तरच द्यायचं, आणि द्यायचं तर खालून निथळेपर्यंत. थंडीत कुंड्या मरतात त्या बहुतेक जास्त पाण्यानेच. भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला, साबणाचं नको. आरओचं टाकाऊ पाणी वापरत असाल तर साधं पाणी निम्मं मिसळा, त्यात क्षार जास्त असतात, कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागली की समजा जास्त झालं.

आता खरं सांगायचं तर बाल्कनीतल्या भाजीने घरचा भाजीपाला काही भागत नाही, आणि कुणी भागतो म्हणालं तर त्याची बाल्कनी एकदा बघून या. पर्यावरणाच्या हिशोबाने तुमच्या घरातलं मोठं काम भाजीत नाही, कचऱ्याच्या डब्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांतून. ते डेपोत दाबलं गेलं की हवा न मिळता सडतं आणि मिथेन सुटतो, जो 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो. म्हणून कुंडी एकच ठेवा पण कंपोस्टचा डबा ठेवा, आणि त्यालाही अंगण लागत नाही, झाकणाची बादली, बाजूला आणि तळाला भोकं, खाली ताट, झालं.

रीत अशी की एक वाटी ओलं टाकलं, म्हणजे सालं, देठं, चहाचा चोथा, की त्यावर दोन वाट्या सुकं टाकायचं, वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा. हे सुकं आता गोळा करून ठेवा, पाऊस थांबला की पालापाचोळा कोरडा मिळतो आणि लोक तो जाळून टाकतात, त्यांच्याकडून मागून आणा, पोतंभर पाचोळा बादलीला कितीतरी दिवस पुरतो. मिश्रण मुठीत पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर फार ओलं, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. वास आला की घाबरून सगळं फेकून देतात लोक, अहो वास म्हणजे सुकं कमी पडलंय एवढंच, दोन-तीन मुठी पुठ्ठा घाला आणि काठीने खालीवर करा, एक-दोन दिवसांत जातो. चिलटं झाली तर वरचा थर सुक्याचाच ठेवा. मांस-मच्छी, तेलकट उष्टं यात नको. दोन-तीन महिन्यांत खाली काळं, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास येणारं खत तयार होतं, ते दर तीन-चार आठवड्यांनी मूठभर प्रत्येक कुंडीत, कारण कुंडीतलं पोषण प्रत्येक पाण्याबरोबर थोडं थोडं वाहून जात असतं.

बरं, ज्यांच्याकडे ऊनच नाही, बाल्कनीपण नाही? त्यांनी घराबाहेर बघा. 1973 साली न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या साथीदारांनी कचऱ्याने भरलेला एक रिकामा प्लॉट साफ करून बाग केली, तिथली पहिली सामुदायिक बाग तीच समजतात आणि ती आजही आहे. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात 2008 पासून लोकांनी रस्त्याकडेला, स्टेशनवर, पोलीस ठाण्यासमोर भाज्या लावल्या, ज्याला हवं त्याने तोडून न्यावं. एवढं मोठं नको, पण शाळा, वाचनालय, बिल्डिंगच्या गेटजवळची ती उजाड पट्टी, विचारून तर बघा. परवानगी लेखी घ्या, आणि पहिल्याच दिवशी पाणी कोण घालणार ते ठरवा, अशा बागा पाण्याच्या पाळीवरूनच मोडतात. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे पण वेळ नाही त्यांच्याशी जोडी जमवा, कंपोस्ट तुमचं, जागा त्यांची, भाजी अर्धी अर्धी.

घरात मनी प्लांट ठेवला की हवा शुद्ध होते हे मात्र सोडून द्या. ज्यावरून हे म्हणतात तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद डब्यात केलेला होता, 2019 च्या एका आढाव्यात हिशोब निघाला की खिडक्या-दारांतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. आवडतं म्हणून ठेवा की, कुणी अडवलंय.

कीड या दिवसांत मावा आणि पिठ्या ढेकणाची असते. पानाच्या मागची बाजू बघा, मुंग्या चढताना दिसल्या की बहुतेक मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे. आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा, ऐकलं नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब लिक्विड साबण घालून संध्याकाळी फवारा, भर उन्हात मारलं तर पानं करपतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून घासून घ्या, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सात-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

सुट्टीत गावाला जाणार असाल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, मधे पाण्याची बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच, आणि नायलॉनच्या जाड दोरीचं एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं कुंडीच्या मातीत बोटभर खोल. सुती दोरी घेऊ नका, ती कुजते. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा म्हणजे दोरी पाणी ओढतेय की नाही ते कळेल.