शांतिसेनेचा अभ्यास करायचाय? आधी एक मोहीम निवडा

सामूहिक सुरक्षा (एकावरचं संकट सगळ्या देशांनी मिळून रोखायचं), शांतिसेना या विषयात काम करायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे मेल मला अधूनमधून येतात. बहुतेकांची तयारी स्पर्धा परीक्षेच्या नोट्सवर झालेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सहावं प्रकरण, सातवं प्रकरण, नकाराधिकार, सगळं तोंडपाठ. पण अमुक गावावर हल्ला झाला तर तिथल्या शांतिसैनिकाने गोळी झाडायची की नाही, हे कोण ठरवतं, असं विचारलं की उत्तर येत नाही. माझा सल्ला एकच असतो: एक मोहीम निवडा आणि निदान वर्षभर तिच्यातच मुक्काम ठोका.

मी पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन निवडलं. १९९१ मध्ये तिथे यादवी सुरू झाली. आरयूएफ हे बंडखोर, शेजारच्या लायबेरियातून त्यांना चार्ल्स टेलर या तिथल्या बंडखोर नेत्याची, पुढच्या राष्ट्राध्यक्षाची, मदत, आणि पैसा हिऱ्यांचा. सुरुवातीची अनेक वर्षं हे युद्ध रोखायची धडपड केली ती आफ्रिकेनेच. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेची इकोमॉग ही फौज तिथे लढत होती आणि तिचा मुख्य भार नायजेरियावर होता. जानेवारी १९९९ मध्ये बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले, तेव्हा त्यांना मागे रेटलं तेही याच फौजेने. आपल्याकडच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. तसं करू नका. विकसनशील देशांतली सामूहिक सुरक्षा म्हणजे काय, ते इथे दिसतं: शेजारी आधी धावून येतात, त्यांची माणसं मरतात, खजिना रिकामा होतो, आणि मग न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत ठराव होतो.

तो ठराव म्हणजे २२ ऑक्टोबर १९९९ चा, क्रमांक १२७०. त्यातून यूनॅमसिल ही मोहीम उभी राहिली, सहा हजार सैनिकांची. त्याचा चौदावा परिच्छेद प्रिंट काढून टेबलासमोर लावा. प्रत्यक्ष हिंसेचा धोका असलेल्या नागरिकांचं रक्षण करण्याचा अधिकार शांतिसेनेला इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा तिथे मिळाला. पण तो अटींसकट. रक्षण करायचं ते आपल्या कुवतीत, आपली तुकडी जिथे तैनात आहे तिथेच, आणि तिथल्या सरकारची व इकोमॉगची जबाबदारी लक्षात घेऊन. ठराव वाचताना मी क्रियापदांखाली निळी रेघ मारते आणि अटींखाली लाल. लाल रेघा जितक्या जास्त, तितकी त्या गावातल्या बाईला सैनिक वेळेवर भेटण्याची शक्यता कमी.

मे २००० मध्ये हे सगळं उघडं पडलं. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या जुलै १९९९ च्या लोमे शांतता करारावर विसंबून शांतिसेना देशभर पांगली होती, नायजेरियाची फौज निघून जात होती, आणि नवीन तुकड्या अपुऱ्या सामानानिशी येत होत्या. बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. देशाच्या पूर्वेकडच्या कैलाहुनला गुरखा रेजिमेंटचे दोनशेहून अधिक भारतीय जवान अडीच महिने वेढ्यात होते. जुलैत ऑपरेशन खुकरी करून त्यांना बाहेर काढलं.

असं का झालं, याचं मूळ सनदेतच आहे. कलम ४३ प्रमाणे सदस्य देशांनी करार करून सुरक्षा परिषदेसाठी फौजा हाताशी ठेवायच्या होत्या. तसा एकही करार आजवर झालेला नाही. त्यामुळे प्रत्येक ठरावानंतर दारोदार फिरून सैनिक मागावे लागतात, आणि कोण काय पाठवेल त्यावर मोहिमेचं रूप ठरतं. हे कलम नोट्समध्ये सगळेच लिहितात. मला त्याचा अर्थ कळला तो महासचिवांच्या अहवालांच्या शेवटी असलेला तक्ता वाचायला लागले तेव्हा. देशाचं नाव, निरीक्षक किती, मुख्यालयातले अधिकारी किती, सैनिक किती. तीन महिन्यांनी पुढचा अहवाल घ्या, तक्ते शेजारी शेजारी ठेवा. कोण आलं, कोण गेलं, ते बघा.

तसं बघितलं तर भारताचं नाव २००१ मध्ये गळालेलं दिसेल. मोहिमेच्या फौजेचे प्रमुख (फोर्स कमांडर), भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली यांचं नायजेरियन अधिकाऱ्यांवर आरोप करणारं गोपनीय टिपण बाहेर फुटलं, नायजेरियाने आरोप फेटाळले, वाद चिघळला आणि सप्टेंबर २००० मध्ये भारताने फौज परत बोलावण्याचं जाहीर केलं. जॉर्डननेही तेच केलं. आपल्याकडे खुकरीचा अभिमान सांगून गोष्ट तिथेच थांबवतात. अभिमान मलाही आहे, पण अभ्यास त्यापुढे सुरू होतो. पुढे बांगलादेश आणि पाकिस्तानच्या तुकड्या आल्या, मंजूर संख्या १७,५०० वर गेली, ब्रिटनने सिएरा लिओनच्या सैन्याला प्रशिक्षण दिलं, बंडखोरांच्या हिऱ्यांवर बंदी आली. जानेवारी २००२ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रं खाली ठेवली, मे महिन्यात निवडणूक झाली, आणि डिसेंबर २००५ मध्ये मोहीम आवरली. फसत चाललेली मोहीम कशी सावरते, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

कागदांबरोबर माणसंही वाचा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे यूएनला जाऊन आलेले माजी सैनिक भेटतात. त्यांच्याकडे पराक्रमाची गोष्ट मागत जाऊ नका. पाणी कुठून आणायचात, दुभाष्या कोण होता, पावसात गस्त कुठपर्यंत जायची, हे विचारा. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदारकाकांसमोर मी नकाशा पसरला, तर त्यांनी त्यावर बोटाने दोनच रस्ते दाखवले. 'जून लागला की एवढंच आपलं. बाकीचं फक्त कागदावर.' तैनातीचा नकाशा आणि गस्तीचा नकाशा वेगळा असतो, हे कुठल्या वर्गात मला कोणी शिकवलं नव्हतं.

पैशाचा भाग टाळू नका. प्रत्येक सैनिकामागे महिन्याला चौदा-पंधराशे डॉलरच्या आसपास रक्कम त्याच्या सरकारला मिळते. खर्चाचा मोठा वाटा अमेरिका, चीन आणि इतर श्रीमंत देश उचलतात. सैनिक मात्र मुख्यतः नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत यांचे. भारताचे दीडशेहून अधिक शांतिसैनिक आजवर कामी आले आहेत. सैनिक देणाऱ्या देशांना ठरावाची भाषा ठरवताना मोठा आवाज मिळत नाही, हा अन्याय मला आजही बोचतो.

आता नोकरीबद्दल. गणवेशाशिवाय जायचं तर राजकीय विश्लेषण, मानवी हक्क, नागरी समन्वय आणि पुरवठा अशा वाटा आहेत. पहिली पायरी म्हणून यूएन व्हॉलंटियर चांगलं. फ्रेंच शिका, आणि पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच शिका: काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्यावाचून पान हलत नाही. काळ मात्र कठीण आहे. मालीच्या सरकारने सांगितल्यावर तिथली मोहीम २०२३ मध्ये गुंडाळावी लागली, आणि २०२५ मध्ये पैशाच्या टंचाईमुळे सुमारे चौथाई सैनिक कमी करायचं ठरलं. म्हणून फक्त संयुक्त राष्ट्रांवर डोळा ठेवू नका. आफ्रिकन युनियन, मदतसंस्था, संशोधन संस्था इथेही हेच काम आहे.

अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा 'शांतिसेना: आव्हाने आणि संधी' छापाचा निबंध पाठवू नका. एकच जिल्हा घ्या आणि दोन पानं लिहा. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, बाजार कधी भरतो, जवळची तुकडी किती लांब आहे, येत्या महिन्यात काय बिघडू शकतं आणि तुम्हाला तसं का वाटतं.