कोरड्या, कातळी प्रदेशातील भूजल नकाशे आणि मॉडेल: या चुका टाळा

कठीण खडकात पाणी सलग थरात साठलेले नसते. ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या भागात आणि त्याखालच्या भेगांमध्ये असते. म्हणूनच एका विंधनविहिरीला भरपूर पाणी लागते आणि तिच्यापासून पन्नास मीटरवरची दुसरी कोरडी जाऊ शकते. अशा ठिकाणी रँडम फॉरेस्टसारखे, म्हणजे जुन्या विहिरींच्या नोंदींवरून शिकणारे संगणकीय मॉडेल वापरून काढलेला संभाव्यता नकाशा (कुठे पाणी लागण्याची शक्यता किती, हे दाखवणारा) फसतो, तेव्हा दोष बहुधा अल्गोरिदमचा नसून विहिरींच्या नोंदींचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक कोरड्या विहिरींबाबत होते. यशस्वी विहिरींची नोंद राहते, कोरड्या गेलेल्या बुजवल्या जातात आणि विसरल्या जातात. मग ही उणीव भरून काढण्यासाठी नकाशावर कुठेही ठिपके टाकून त्यांना ‘पाणी नाही’ असे ठरवले जाते. प्रत्यक्षात तिथे कोणी खोदूनच पाहिलेले नसते. विहिरी वस्ती आणि रस्त्यांजवळ खोदल्या जात असल्यामुळे असे मॉडेल पाण्याऐवजी माणसांची वर्दळ शिकते. रस्त्यापासूनचे अंतर हा घटक सर्वांत प्रभावी ठरत असेल, किंवा ‘उत्तम’ गटाचा पट्टा रस्त्याच्या वळणांबरोबर वळत असेल, तर हेच घडले आहे असे समजावे. उपाय कष्टाचा आहे: विंधन यंत्र चालवणाऱ्यांकडून कोरड्या विहिरींच्या जागा मिळवाव्यात आणि ‘यशस्वी’ म्हणजे किती लिटर, कोणत्या ऋतूत आणि किती खोलीवर, हे आधी ठरवावे. पावसाळ्यानंतर मोजलेली आवक आणि ऐन उन्हाळ्यातील आवक एकाच रकान्यात ठेवू नये.

त्यानंतर अक्षांश-रेखांशांचे दशांश पाहावेत. विषुववृत्ताजवळ दशांशाचे दोनच अंक म्हणजे सुमारे १.१ किलोमीटरची चौकट, आणि तिच्यात ३० मीटरचे हजाराहून अधिक पिक्सेल (नकाशाचे छोटे चौकोन) मावतात. अशी विहीर नेमक्या कोणत्या उतारावर आहे, हे मॉडेलला कळणे शक्यच नाही. अनेक विहिरींचे स्थान हुबेहूब सारखे असेल, तर बहुधा गावाच्या मध्यबिंदूची नोंद सर्वांना चिकटवलेली असते.

उपग्रहचित्रातील, भेगांची खूण मानल्या जाणाऱ्या सरळ रेषा, म्हणजे लिनिअमेंट, तपासल्याशिवाय वापरू नयेत, कारण रस्ते, कालवे आणि शेतांचे बांधही सरळच दिसतात. खऱ्या भेगाही चिकणमातीने भरलेल्या असू शकतात, तर डाइक (खडकात घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) कधी पाणी अडवते आणि कधी तिच्या कडेच्या तडकलेल्या खडकात ते साठते. केवळ लिनिअमेंटची घनता मोजली, तर हा सगळा फरक पुसला जातो. हिरवळीच्या निर्देशांकाबाबतही सावध राहावे: विंधनविहिरीच्या पाण्यावर पिकलेले हिरवे शेत हा विहिरीचा परिणाम आहे, आणि तोच कारण म्हणून मॉडेलला दिला, तर अचूकता फुगते, पण न खोदलेल्या जागेबद्दल काहीच कळत नाही.

नकाशावर सरळ कडांचे मोठे चौकोन दिसले, तर दोष बहुधा पावसाच्या माहितीचा असतो. साधारण ५ किलोमीटरचे पिक्सेल ३० मीटरमध्ये कापल्याने माहितीचा बारकावा वाढत नाही.

चाचणीसाठी विहिरी यादृच्छिक पद्धतीने वेगळ्या काढल्या, तर शेजारच्या दोन विहिरींपैकी एक प्रशिक्षणात आणि दुसरी चाचणीत जाते, आणि ०.९ च्या वर गेलेला एयूसी (मॉडेल यशस्वी आणि कोरड्या विहिरी किती नीट वेगळ्या ओळखते याचे माप, कमाल १) खोटा दिलासा देतो. त्याऐवजी प्रदेशाचे मोठे तुकडे पाडून एकेक पूर्ण तुकडा बाजूला ठेवावा. आकडा खाली आला, तर तो लपवू नये. नव्या जागेसाठी तोच अधिक खरा असतो.

शेवटी रंगांकडे पाहावे. मॉडेलने दिलेले गुण पाच गटांत विभागले की ‘अतिउत्तम’ गट प्रत्येक नकाशात निघतोच, मग सारा प्रदेश कोरडाठाक का असेना. म्हणून प्रत्येक गटात खोदलेल्या विहिरींपैकी किती यशस्वी झाल्या, हे सूचीत रंगाशेजारी लिहावे आणि ज्या गटात मोजक्याच विहिरी आहेत, त्यावर तसा स्पष्ट उल्लेख करावा. विंधनापूर्वी निवडलेल्या जागी विद्युत रोधकता सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणारी तपासणी) करावेच, कारण ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये हातभर रुंदीची भेग नेमकी कुठे आहे, हे कोणताही नकाशा सांगू शकत नाही.