आलेख, तक्ते आणि वही: संभाव्यतेच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अनुभव

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॅफ्नी कोलर यांनी शिकवलेला ‘प्रॉबॅबिलिस्टिक ग्राफिकल मॉडेल्स’ (अनेक अनिश्चित गोष्टींचे परस्परसंबंध आलेखाने आणि संभाव्यतेने मांडण्याची रीत) हा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर २०१२ साली प्रथम सुरू झाला आणि पुढे त्याचे मांडणी, अनुमान व शिक्षण असे तीन भाग करण्यात आले. मी तो दोनदा केला. पहिल्या वेळी नोकरी सांभाळून रोज रात्री जेवणानंतर व्हिडिओ पाहत गेलो. सारे समजते आहे असे वाटत होते, पण पहिल्या भागातील प्रोग्रामिंगच्या गृहपाठापाशी अडलो आणि अभ्यास सुटला. वर्षभराने पुन्हा नाव नोंदवले तेव्हा वेळ पहाटेची ठेवली आणि समोर चौकटीची वही घेऊन बसलो. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, कारण दोन प्रयत्नांमधील सारा फरक त्या वहीने केला, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वतयारी किती लागते, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. दहावीच्या बीजगणितातील संभाव्यतेच्या प्रकरणात नाणी, फासे आणि पत्ते असतात. तेवढ्यावर निभाव लागत नाही. सशर्त संभाव्यता (एक गोष्ट घडल्याचे कळल्यावर दुसरीची संभाव्यता) आणि परिणामावरून कारणाची संभाव्यता काढणारे बेज यांचे सूत्र हाताशी असले पाहिजे, लॉगॅरिदमची भीती नसावी आणि कोणत्याही एका भाषेत प्रोग्राम लिहिण्याची सवय असावी. कोलर आणि नीर फ्रीडमन यांचे २००९ सालचे पाठ्यपुस्तक बाराशेहून अधिक पानांचे आहे. ते सुरुवातीपासून सलग वाचण्याचा अट्टाहास करू नये. जो व्हिडिओ पाहिला त्यापुरते प्रकरण उघडावे.

विषयाचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. समजा दहा चले, म्हणजे बदलू शकणाऱ्या दहा गोष्टी, आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ असे आहे. सर्वांची एकत्रित संभाव्यता सांगायची तर १,०२४ शक्यता होतात, म्हणजे १,०२३ स्वतंत्र आकडे लागतात. मात्र प्रत्येक चल जास्तीत जास्त दोनच चलांवर थेट अवलंबून आहे असे आपल्याला माहीत असेल, तर प्रत्येकासाठी फार तर चार आणि एकूण चाळीस आकडे पुरतात. कोण कोणावर थेट अवलंबून आहे हे बाणांनी दाखवणारा आलेख म्हणजे बेज नेटवर्क. १९८०च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ जुडिया पर्ल यांनी या कल्पनेला भक्कम रूप दिले आणि पुढे त्यांना २०११ सालचा ट्यूरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला. आलेखात बाण कोठे आहेत यापेक्षा कोठे नाहीत याला अधिक महत्त्व आहे, कारण गाळलेला प्रत्येक बाण हे स्वातंत्र्याबद्दलचे एक विधान असते.

नवा विद्यार्थी सर्वाधिक अडखळतो तो याच स्वातंत्र्याच्या नियमांपाशी. हे नियम पाठ करून मला कधीच जमले नाहीत. एक उदाहरण आकडे घालून सोडवल्यावर जमले. आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी खालच्या टाकीत येते आणि विजेच्या पंपाने गच्चीवर चढते. एखाद्या सकाळी महापालिकेचे पाणी आलेले नसण्याची संभाव्यता ०.१० धरा, वीज गेलेली असण्याचीही ०.१० धरा, दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही असे माना, आणि यांपैकी एक जरी घडली तरी नळ कोरडा, एरवी नाही, असे समजा. मग नळ कोरडा असण्याची संभाव्यता १ वजा ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.१९ येते. नळ कोरडा दिसला की महापालिकेचे पाणी आले नसल्याची संभाव्यता ०.१० भागिले ०.१९, म्हणजे सुमारे ०.५३ होते. इतक्यात शेजारच्या काकूंनी वीज गेल्याचे सांगितले, तर ती पुन्हा ०.१० वर उतरते. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, त्या नळाकडे पाहताच एकमेकींशी बांधल्या गेल्या. साखळीत (एकामुळे दुसरे, दुसऱ्यामुळे तिसरे) किंवा समाईक कारणाच्या रचनेत (एकाच कारणाचे दोन परिणाम) मधले चल कळले की एका टोकाची माहिती दुसऱ्या टोकाला पोहोचण्याची वाट बंद होते. येथे नेमके उलटे घडते, परिणाम कळला की वाट उघडते. पाणी, वीज आणि नळ यांच्या संभाव्यतांचे तीन तक्ते स्वतः गुणून पाहिल्याखेरीज पुढच्या व्हिडिओकडे जाऊ नये.

गृहपाठ ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅब या गणिती प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये करायचे असतात. आनुवंशिकतेचे नेटवर्क आणि हस्ताक्षरातील अक्षरे ओळखणे हे त्यांतले दोन फार सुंदर आहेत. मला पायथॉन सवयीचे असल्याने मी सारे त्यातच नव्याने लिहायला घेतले आणि एका चुकीत पूर्ण आठवडा घालवला. अभ्यासक्रमात प्रत्येक तक्ता एका लांब ओळीत साठवतात आणि त्या ओळीत पहिले चल सर्वांत वेगाने बदलते. पायथॉनमधील नमपाय या आकडेमोडीच्या संग्रहाची नेहमीची पद्धत याच्या उलट आहे. तेथे शेवटचे चल सर्वांत वेगाने बदलते. त्यामुळे माझे आकडे भलत्याच खणांत जाऊन बसले. सर्वांत वाईट हे की प्रोग्राम कोठेही थांबला नाही आणि अंतिम उत्तरांची बेरीजही बरोबर १ येत होती. अखेर दोन चलांचा एक तक्ता वहीत मांडून खणामागून खण ताडून पाहिला, तेव्हा अदलाबदल सापडली. म्हणून प्रत्येक फंक्शन लिहिल्यावर ते आधी हाताने सोडवलेल्या छोट्या तक्त्यावर चालवून पाहावे.

दुसरा असाच खड्डा अतिशय लहान संख्यांचा आहे. ०.१ ही संख्या हजार वेळा गुणली की उत्तर संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्यांमध्ये मावत नाही आणि निमूटपणे शून्य होते. गुणाकाराऐवजी लॉगॅरिदमची बेरीज करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

अनुमानाचा, म्हणजे माहीत असलेल्या गोष्टींवरून माहीत नसलेल्यांची संभाव्यता काढण्याचा, भाग मला सर्वांत आवडला. एक आजार आणि त्याची वीस लक्षणे असा आलेख काढा, सगळे बाण आजाराकडून लक्षणांकडे जाणारे. चलांचा एकेक करून निरास करायचा आहे, म्हणजे त्या चलाच्या सर्व शक्यतांची बेरीज करून ते हिशेबातून काढून टाकायचे आहे. आधी आजाराचा निरास केला, तर वीसही लक्षणे एकाच तक्त्यात अडकतात आणि त्या तक्त्याला १०,४८,५७६ खण लागतात. आधी एकेक लक्षण काढून टाकले, तर प्रत्येक वेळी हातात फक्त दोन खणांचा तक्ता उरतो. आलेख तोच, उत्तरही तेच, केवळ क्रम बदलला. हे कागदावर करून पाहिले त्या दिवशी मी उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या, इतका आनंद झाला होता. क्लिक ट्री (चलांचे गट जोडून केलेले झाड), त्या गटांमधील निरोपांची, म्हणजे छोट्या तक्त्यांची, देवाणघेवाण वगैरे पुढचे सारे याच निरीक्षणाचा विस्तार आहे. फिरून त्याच चलापाशी येणाऱ्या वाटा असलेल्या आलेखावर हीच देवाणघेवाण केली तर अचूकतेची हमी राहत नाही, तरीही ती पुष्कळदा उत्तम चालते. ५जी मोबाइलच्या डेटामधील चुका दुरुस्त करणारे एलडीपीसी नावाचे सांकेतिक कोड याच रीतीने उलगडले जातात. न्यूरल नेटवर्कच्या काळात हे कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

शिक्षण हा तिसरा भाग, म्हणजे प्रत्यक्ष नोंदींवरून नेटवर्क शिकणे, तुलनेने सोपा गेला, कारण बहुतेक काम नोंदी मोजण्याचे आहे. तेथे एकच काळजी घ्यावी. नोंदींमध्ये एखादी जुळणी एकदाही आढळली नाही, तर तिची संभाव्यता शून्य ठरते आणि ते शून्य पुढच्या प्रत्येक गुणाकाराला गिळून टाकते. यासाठी प्रत्येक खणात मोजणीआधीच एक काल्पनिक नोंद धरतात. दहा नोंदींपैकी दहाही ‘होय’ असतील, तर ‘नाही’ची संभाव्यता शून्याऐवजी एक बारांश येते. किती काल्पनिक नोंदी धराव्यात हे मात्र विदा (डेटा) किती आहे यावर ठरते. मी गृहपाठात एक, पाच आणि पन्नास असे तिन्ही आकडे घालून पाहिले, आणि नोंदी थोड्या असताना पन्नास घातल्यावर विदेचा आवाज जवळजवळ ऐकूच येईनासा झाला.