चित्र गोडाऊनला द्यायच्या आधी कागद पक्के करा

चित्र साठवायला किंवा पाठवायला देताना लोक भाडं किती, क्रेट (पॅकिंगची लाकडी पेटी) कसा, एवढंच विचारतात. त्याआधी विचारायचं ते हे की समोरचा माणूस तुमचा कोण? नुसता सांभाळणारा, तुमच्यासाठी खरेदी करणारा एजंट, की स्वतःचा माल विकणारा? हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहून घ्या.

इव्ह बूव्हिएची केस आठवा. घरची जिनिव्हाची शिपिंग-स्टोरेज कंपनी होती, सिंगापूर आणि लक्झेंबर्गच्या फ्रीपोर्टमागेही (म्हणजे कर-जकात न भरता माल ठेवता येतो अशी गोदामं) तेव्हा हाच माणूस होता. त्याने रशियन अब्जाधीश रिबोलोव्लेव्हला ३८ कलाकृती मिळवून दिल्या, एकूण सुमारे २०० कोटी डॉलरच्या. त्यातलं 'साल्व्हातोर मुंडी' हे लिओनार्दो दा विंचीचं म्हणून ओळखलं जाणारं चित्र २०१३ मध्ये साधारण ८ कोटीला घेऊन त्याला १२ कोटी ७५ लाख डॉलरला दिलं. रिबोलोव्लेव्हचं म्हणणं, हा माझा एजंट, दोन टक्के कमिशनवर. बूव्हिएचं म्हणणं, मी विक्रेता, दोन टक्के फक्त वाहतूक-इन्शुरन्ससारख्या कामांचे. २०१५ मध्ये मोनॅकोत बूव्हिएला अटक झाली, मग देशोदेशी कोर्टकचेऱ्या, आणि २०२३ मध्ये समझोता. या वादात बूव्हिएवर गुन्हा कुठेच सिद्ध झाला नाही, पण तोवर धंद्याची आणि नावाची जी वाट लागायची ती लागलीच. बघा, दोन टक्के नेमके कशाचे, एवढ्यावरून हे सगळं!

म्हणून इनव्हॉइसवर कमिशन, भाडं, पॅकिंग, इन्शुरन्स वेगवेगळ्या ओळीत मागा, आणि एजंट असेल तर मूळ विक्रेत्याचं बिल बघायचा हक्क करारात घाला. नाही म्हणाला तर तो विक्रेता आहे असं धरून चला आणि भाव दुसऱ्याकडून तपासा.

आता चित्राचंच. कंडिशन रिपोर्टशिवाय (चित्र आत्ता कसं आहे याची लेखी नोंद) क्रेट बंद करू देऊ नका, यात मी अजिबात तडजोड करत नाही. खोलीतला लाइट कमी करा, टॉर्च कॅनव्हासच्या बाजूने जवळजवळ सपाट धरा, उचललेला रंग आणि केसासारख्या बारीक भेगा सावलीमुळे लगेच दिसतात, त्यांचे फोटो काढा, चारही कोपरे, फ्रेमची मागची बाजू, तिथली जुनी लेबलं आणि नंबर पण घ्या, कारण अदलाबदलीचा वाद झाला तर मागची बाजूच कामी येते. दोघांच्या सह्या, तारीख. पोचल्यावर क्रेट लगेच फोडू नका, जिथे उघडायचा त्या खोलीत २४ तास राहू द्या, मग उघडून परत तेच फोटो.

इन्शुरन्स भिंतीवरून उतरवल्यापासून परत भिंतीवर टांगेपर्यंतचा हवा, याला नेल टू नेल म्हणतात. वाहतूकदाराची स्वतःची भरपाईची जबाबदारी बऱ्याचदा वजनावर मोजतात आणि चित्राला वजन ते किती असणार!

करारात अजून दोन कलमं नीट वाचा: भाडं थकलं तर माल अडवून ठेवायचा किंवा विकायचा हक्क त्यांना किती दिवसांनी मिळतो, आणि वाद झाला तर कुठल्या देशाच्या कोर्टात. वाद सुरू झालाच तर फोनवर भांडू नका, सगळं लेखी ठेवा, आणि मालकीचे मूळ कागद त्या गोडाऊनमध्ये कधीच ठेवू नका.