घोड्याच्या मूत्रमार्गाची तपासणी: या चुका टाळा

निरोगी घोड्याची लघवी गढूळ आणि तारेसारखी चिकट असते. तिच्यात श्लेष्म आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात, सामू साधारण ७.५ ते ९. कुत्र्या-मांजरांच्या लघवीची सवय झालेला डॉक्टर इथेच फसतो आणि संसर्ग समजून विनाकारण अँटिबायोटिक सुरू करतो. अशा अल्कधर्मी लघवीत रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीवर प्रथिने खोटी दिसू शकतात, म्हणून ती प्रयोगशाळेत मोजून घ्यावीत.

सर्वांत महागात पडते ती क्रमाची चूक. झायलाझिन किंवा डेटोमिडीन ही गुंगीची औषधे दिल्यावर लघवी वाढते, पातळ होते, तिच्यात साखरही उतरू शकते. मग विशिष्ट घनत्वावरून (लघवी किती दाट आहे यावरून) मूत्रपिंडाबद्दल काहीच ठरवता येत नाही. म्हणून नमुना आधी, गुंगी नंतर. ताजे अंथरूण टाकलेल्या ठाणात घोडा बहुधा लवकर मुततो. मधल्या धारेचा नमुना घ्या आणि गाळ अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका. सुमारे तीन चतुर्थांश नेफ्रॉन (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या) निकामी झाल्यावरच ते वाढते.

गुदाशयातून तपासताना हात एकदम खोल घालू नये. मूत्राशय रिकामे असेल तर मूतखडा ओटीपोटाच्या पोकळीतच, मूत्राशयाच्या मानेजवळ असतो. मनगटापर्यंत हात गेला की लागतो. हात त्याच्यावरून पुढे गेला तर खडा राहूनच जातो.

सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड १५ ते १७व्या बरगड्यांच्या फटीत, वरच्या बाजूला, त्वचेजवळ सापडते. डावे प्लीहेच्या पलीकडे, खोलवर असते. त्यासाठी २.५ ते ३ मेगाहर्ट्झचा प्रोब लावून खोली २० सेंटिमीटरच्या पुढे न्यावी. खोली कमी ठेवून ‘डावे दिसत नाही’ असा शेरा मारणे चूकच. मूत्राशयात तरंगणारे पांढरे कण नेहमीचेच. प्रोबने हलकेच हलवले की ते भोवऱ्यासारखे फिरतात. खड्याची कड मात्र ठळक चमकते आणि मागे स्वच्छ सावली पडते.

नराच्या एंडोस्कोपीला (दुर्बिणीने आतून तपासायला) किमान १ मीटर लांबीचा, निर्जंतुक करून नीट धुतलेला स्कोप हवा. कॅथेटर (लघवी काढायची नळी) किंवा हवा गेल्यावर मूत्रनलिका (मूत्राशयातून बाहेर येणारा मार्ग) लालभडक दिसते, तो दाह समजू नये. लघवीच्या शेवटी रक्त येत असेल तर स्कोप मागे घेताना आसनास्थीच्या (ढुंगणाच्या हाडाच्या) वळणावर थांबून मागची भिंत नीट पाहा. तिथली बारीक चीर घाईत हमखास निसटते. चीर दिसली की हवा भरणे थांबवा, कारण हवा रक्तवाहिनीत शिरून घोडा दगावू शकतो.