लायसन्सच्या परीक्षेची तयारी कशी करावी: आधी प्रश्न, मग पुस्तक

डॉक्टरकीच्या लायसन्स परीक्षेला बसणारा माणूस चार-सहा वर्षं अभ्यास करूनच आलेला असतो. तरीही तयारी करायची म्हटलं की बहुतेक जण ॲनाटॉमीचं पहिलं पान उघडतात. मीही तेच केलं होतं. तीन रंगांचे हायलायटर आणले आणि दीड महिन्यानं ब्रेकियल प्लेक्ससपाशीच (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यापाशीच) होतो.

पुस्तकाआधी परीक्षेचं माहितीपत्रक वाचा, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवरचंच वाचा. मित्रानं पाठवलेलं मागच्या वर्षीचं नको. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या ब्रिटनच्या प्लॅब परीक्षेच्या पहिल्या भागात ३ तासांत १८० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. परदेशात शिकलेल्यांसाठी भारतात होणाऱ्या एफएमजीईत ३०० प्रश्न, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटं. इथंही मिनिटाचाच हिशेब. अमेरिकेच्या यूएसएमएलई या लायसन्स परीक्षेची पहिली स्टेप म्हणजे आठ तासांचा दिवस आणि जास्तीत जास्त २८० प्रश्न. तिथं प्रश्नाला साधारण दीड मिनिट मिळतं, पण प्रश्नही परिच्छेदभर लांब असतात. या तिन्हींत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

मग विषयांचं वजन बघा. एफएमजीईचंच उदाहरण घेऊ. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. ॲनाटॉमी १७ गुणांची, कम्युनिटी मेडिसिन ३० गुणांचं. पण पोरं जीव काढतात ॲनाटॉमीवर, आणि लसीकरण, साथरोगशास्त्र, स्क्रीनिंग टेस्टची गणितं ‘शेवटी बघू’ म्हणून ठेवतात. तो ‘शेवटी’ कधी येत नाही. तुमच्या परीक्षेचा असा तक्ता मिळत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि दिवस त्याच प्रमाणात वाटा.

तयारीच्या पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण मॉक टेस्ट द्या. हो, काहीही वाचलेलं नसताना. गुण वाईट येतील, येऊ देत. कुठला विषय अजून अंगात आहे आणि कुठला पार धुऊन गेलाय ते त्यातून कळतं.

आता रोजचं काम. ४० ते ५० प्रश्न, घड्याळ लावून, सगळे विषय मिसळून. खऱ्या पेपरात प्रश्नावर ‘हा कार्डिओलॉजीचा’ अशी चिठ्ठी लावलेली नसते, म्हणून धडा वाचून लगेच त्याच धड्याचे प्रश्न सोडवले की खोटा आत्मविश्वास येतो. पुन्हा पुन्हा वाचण्याचंही तसंच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक उतारा काही विद्यार्थ्यांनी परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

प्रश्न सोडवण्याला जितका वेळ लागला, निदान तितकाच तपासण्याला द्या. यासाठी चुकांची वही ठेवा. वहीत योग्य उत्तर उतरवून भागत नाही, आपण का चुकलो ते एका ओळीत लिहायचं. उदाहरणार्थ: अपघातानंतर आलेला रुग्ण, रक्तदाब खूप कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या, श्वासनलिका डावीकडे सरकलेली, उजव्या छातीत हवा जात असल्याचा आवाजच नाही. पुढचं पाऊल काय? हुशार विद्यार्थी टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा कोंडून दाब वाढणं) ओळखतो आणि खूण करतो छातीच्या एक्स-रेवर. हे निदान रुग्णाला स्वतः तपासूनच करायचं असतं. एक्स-रेची वाट बघण्याआधी छातीतली कोंडलेली हवा सुईनं बाहेर काढायची. इथं ज्ञान कमी पडलं नाही, ‘आधी काय’ हे चुकलं. वहीत तसंच लिहा. महिन्याभरानं वही चाळलीत तर दिसेल की माहीत नव्हतं म्हणून झालेल्या चुका एकीकडे, आणि ‘वगळता’ हा शब्द न वाचल्यामुळे, नीट विचार न केल्यामुळे किंवा बरोबर उत्तर शेवटच्या क्षणी बदलल्यामुळे झालेल्या दुसरीकडे. पहिल्या प्रकाराला पुस्तक लागतं. दुसऱ्याला नुसत्या वाचनाचा उपयोग नाही. तिथं प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावावी लागते.

चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं परत सोडवा. औषधांचे डोस, एन्झाइमची नावं, जंतूंची वैशिष्ट्यं अशा घोकायच्याच गोष्टींसाठी फ्लॅशकार्डं बरी. पण दुसऱ्याची तयार हजार कार्डं उतरवून घेऊ नका. स्वतःच्या चुकीतून बनवलेली शंभर पुरतात.

शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक पूर्ण मॉक द्या, खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच. सहाव्या तासाला डोकं कसं चालतं ते आधी अनुभवलेलं बरं. शेवटच्या तीन दिवसांत नवीन धडा उघडू नका, फक्त चुकांची वही. ओळखपत्रावरचं नाव प्रवेशपत्राशी अक्षरनअक्षर जुळतंय का, हे मात्र तीन दिवस आधी नाही, अर्ज भरतानाच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.